पेव तपल्याची हकीकत

रनाळे, चैत्र वद्य दशमी, शके १८५८

राजमान्य राजेश्री व्याहीबुवा जालमसिंगजी, मुक्काम ब्राह्मणपुरी, यांच्या सेवेशी रनाळ्याहून आपला व्याही उदेसिंग याचे हात जोडून रामराम. इकडे माणसं, बैल, म्हैस आणि तिची नवी पारडी अशी सगळी मंडळी खुशाल आहेत. तिकडे आपला उजवा गुडघा कसा आहे? (मागल्या भेटीत आपण डावा दुखतो म्हणून सांगत होतात, पण लंगडत उजव्यावर होतात, म्हणून मी उजवाच धरून चालतो.) विहीणबाईंचा खोकला थांबला का? आपण धाडलेली तापीच्या वाळूतली टरबुजं पोचली. त्यातलं एक प्रकाशा गावाच्या उतारावर गाडीतच फुटलं असं गाडीवान म्हणाला, आणि त्याच्या मिशीला चिकटलेली बी पाहून मी ते खरं मानलं. बाकीची उत्तम निघाली.

आपलं पत्रही मिळालं. आपली लेक तापी आमच्याकडे कशी राहते ते दोन ओळींत कळवावं, असं आपण लिहिलंत. दोन ओळींत लिहायचं तर ती बरी आहे एवढंच लिहिता येईल, आणि तेवढंच लिहून मी गप्प बसलो तर माझ्यासारखा कृतघ्न माणूस नंदुरबार तालुक्यात दुसरा सापडायचा नाही. तेव्हा गुडघा नीट लांब करून बसा, तपकीर जवळ घ्या, आणि सावकाश वाचा.

आधी यंदाच्या दादरीबद्दल लिहिणं भाग आहे, कारण सगळं तिच्यापासूनच सुरू झालं. व्याहीबुवा, माझ्या काळ्या रानात यंदा जी दादर आली तशी ज्वारी मी जन्मात पाहिली नाही. ताट असं उंच की आत शिरलेला बैल शोधायला हाका माराव्या लागत. कणीस हातात घेतलं तर मनगट वाकत असे. आमचा सालदार गडी सुकलाल, जो कोणत्याही गोष्टीला चांगलं म्हणत नाही (त्याच्या लग्नात नवरी कशी आहे विचारलं तर ‘चालेल’ म्हणाला होता), तोसुद्धा खळ्यावर रास पाहून ‘बरी शे’ असं बोलला. मी लोकांना मुद्दाम शेताच्या बांधावरून घरी नेत होतो. वाट दूरची पडते, पण दादर दिसते.

रास खळ्यावर पडली, उफणणी झाली, आणि दुसऱ्याच दिवशी अवकाळी आला. चैत्रातला पाऊस तो. आला तसा गेला, पण जाता जाता गारा टाकून गेला. आम्ही राशीवर गोणपाट, घोंगड्या, आपल्या जावयाच्या, म्हणजे आमच्या नवलसिंगच्या, लग्नातलं जाजम, जे हाती लागेल ते टाकलं. वरून रास वाचली. खालून मात्र पाणी शिरलं. आता ओली दादर वाळवायची म्हणजे काही पर्वत उचलायचा नाही. खानदेशचं चैत्रातलं ऊन आहे, अंगणात पसरायची आणि वाट पाहायची. घरासमोरचं अंगण सारवून घेतलं, दादर पसरली, आणि राखणीला मी स्वतः काठी घेऊन खाटेवर बसलो. (राखण करताना माझा डोळा लागत होता असं आमच्या शेजारी राहणारा छगन गावभर सांगतो. मी डोळे मिटून चिमण्यांचा आवाज ऐकत होतो. त्याची शेळी येऊन पोटभर दादर खाऊन गेली त्याला कारण एवढंच की शेळीचा आवाज होत नाही.)

इथे माझ्या एका गुणाविषयी लिहिणं जरूर आहे. स्वतःबद्दल बोलणं मला आवडत नाही, पण न लिहिलं तर पुढलं आपणांस कळायचं नाही. धान्य वाळलं की नाही हे पाहण्याच्या बाबतीत रनाळ्यात माझ्या दाताला मान आहे. दाणा दाढेखाली धरायचा, डोळे मिटायचे आणि दाबायचा. ओला दाणा मुकाट चेपतो. अर्धवट वाळलेला कुरकुरतो. पुरता वाळलेला असेल तर ‘कट्’ असा आवाज होतो, आणि तो आवाज माझ्या दाढेखाली असा काही निघतो की ओट्यावर बसलेल्याला ऐकू जावा. लोक जमिनीतलं पेव भरण्याआधी मूठभर दाणे घेऊन माझ्याकडे येतात. मी दाणा दाढेखाली ठेवला की सगळे बोलायचे थांबतात, हुक्का ओढणारा नळी तोंडातच धरून राहतो. छगन म्हणतो की सगळ्यांच्या दाढा अशाच वाजतात. वाजत असतील. पण त्याच्याकडे कोणी मूठ घेऊन जात नाही.

आता आपल्या कन्येकडे येतो. तापी घरात आल्यापासून तिचा आवाज मी ऐकला नव्हता. तुमच्या घरचं वळण आणि आमच्या घरची रीत, दोन्ही एकच. सून सासऱ्यापुढे पदर खाली घेऊन उभी राहते आणि बोलत नाही. पण घर चालायचं तर निरोप पोचायला हवेत. त्यावर तिने तोड काढली. ओट्याला लागूनच गोठा आहे. मला जे कळायला हवं ते ती गोठ्यात जाऊन म्हशीला सांगते. ‘माय, चहाले गूळ सरना,’ असं म्हशीला सांगितलं की मी नंदुरबारहून गूळ आणतो. ‘माय, आज पाव्हना येतीन,’ असं सांगितलं की मी धोतर बदलतो. त्यामुळे आमची म्हैस घरातली सगळ्यांत जाणती झाली आहे, आणि नवलसिंग धडगावला कचेरीत असल्याने घरातलं काय चाललंय ते त्याच्यापेक्षा तिला जास्त माहीत असतं.

दादर वाळत घातली तेव्हा पहिल्याच दिवशी मी पाहिलं की तापी पदर सावरून, अनवाणी, दाण्यांत पाय ओढत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालते आहे. पाठीमागे सरळ सऱ्या पडत होत्या आणि खालचे दाणे वर येत होते. पण मला त्या वेळी सऱ्या दिसल्या नाहीत, फक्त पाय दिसले. अन्नाला पाय. मी खाकरलो. मग आमच्या मंडळींना, जसोदाबाईंना, आत हाक मारून मोठ्याने सांगितलं की या घरात खाण्याच्या धान्यात पाय घालायची रीत नाही. तापीने मान खाली घातली, वाकून दाण्यांना हात लावला, तो कपाळाला लावला, आणि बाजूला झाली. माझ्या सुनेला किती लवकर समजतं याचा मला फार अभिमान वाटला. (या अभिमानाविषयी पुढे पुन्हा लिहिणार नाही.) नंतर दादर तशीच पडून राहिली. वरचे दाणे उन्हात तडकायला आले आणि खालचे, सारवलेल्या गार जमिनीला चिकटून, गाढ झोपून राहिले.

छगनने त्याचं पेव त्याच आठवड्यात भरलं. त्याची दादर आमच्याइतकी भिजली नव्हती, पण ते मी तेव्हा लक्षात घेतलं नाही. त्याच्या दारी नारळ फुटला आणि तो आवाज भिंतीवरून माझ्या कानांत आला. पश्चिमेला ढगही दिसत होते. (जसोदाबाई म्हणतात की ती बैलगाडीची धूळ होती. असेल.) मी भर दुपारी उठलो, राशीवरून चिमूटभर दाणे उचलले, वाकायला कमरेचा त्रास होतो म्हणून वरूनच उचलले, दाढेखाली धरले, आणि असा कट् वाजला की सुकलालने मागे वळून पाहिलं. मी म्हणालो, भरा.

त्या वेळी गोठ्यातून आवाज आला होता, हे मी प्रामाणिकपणे लिहितो. तापी म्हशीला सांगत होती, ‘माय, बाटलीले मीठ चिकटनं.’ मी विचार केला की म्हशीला मीठ हवं आहे. म्हणून जाता जाता मी तिच्या आंबोणात खड्याचं मीठ टाकलं, आणि म्हशीने त्या संध्याकाळी हौदातलं सगळं पाणी पिऊन टाकलं. मीठ आणि बाटली हे काय प्रकरण होतं ते मला फार पुढे कळलं, तेही सांगतो.

तर भर उन्हात, हाताला चटका बसेल अशी गरम दादर आम्ही घमेल्यांनी पेवात ओतली. पेव आमच्या अंगणाच्या कोपऱ्यात आहे, माझ्या आजोबांनी खणलेलं, बाटलीसारखं: गळा अरुंद, पोट मोठं. तळाला आणि कडेने कडबा, निंबाचा पाला, राख, सगळं शास्त्रशुद्ध लावलं. वर दगडी झाकण, झाकणाभोवती माती लिंपली. नारळ मी छगनच्या भिंतीजवळ उभा राहून फोडला.

काही दिवस छान गेले. मी ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावत होतो आणि पेवाकडे बोट दाखवत होतो. मग एके दिवशी पहाटे सडा घालताना तापी पेवाच्या झाकणावर उभी राहिली आणि तशीच थांबली. मी दातण करत होतो, मला दिसलं. तिने एक पाय जमिनीवर ठेवला, एक दगडावर. पुन्हा पाय बदलले. मग खाली बसून झाकणाभोवतीच्या मातीवर हात फिरवला. सगळं अंगण वाळून भेगाळलं होतं आणि तेवढी माती अजून ओलसर होती. ती बादली तिथेच टाकून गोठ्यात गेली. ‘माय,’ ती म्हणाली, आणि या वेळी एवढ्या मोठ्याने की पारडी दचकली, ‘पेव तपेल शे. दगड ऊन लागस.’

पेव तपणं म्हणजे काय, ओलं धान्य आत कोंडून कसं तापतं आणि सडतं, ते आपणांस सांगायला नको. पण मला राग आला. माझ्या दाढेने वाळलेली म्हटलेली दादर, आणि ती पेवात तापते आहे असं माझ्याच गोठ्यात म्हशीला सांगितलं जातंय. मी जसोदाबाईंना म्हणालो, चैत्र आहे, दगड उन्हाने तापतात. त्या म्हणाल्या की अजून सूर्य उगवलेला नाही. मी म्हणालो, कालचं ऊन राहिलं असेल. त्यावर त्या मला उंबऱ्याच्या दगडावर उभं राहायला घेऊन गेल्या. तो बर्फासारखा होता. मग पेवाच्या दगडावर उभं केलं. व्याहीबुवा, मी थोडा वेळ उभा राहिलो आणि म्हणालो की दोन दगड निराळ्या खाणींतले आहेत. तेव्हा त्या जे बोलल्या ते अक्षरशः लिहितो, कारण अठ्ठावीस वर्षांच्या संसारात त्यांनी मला इतकं स्पष्ट कधी सुनावलं नव्हतं: ‘तुमले सांगी सांगी मी थकनू. पोर म्हशीले सांगी सांगी थकनी. आते म्हैसच तुमले सांगी, तवय ऐका.’

त्यावर माझ्यासारखा पुरुष काय करणार? मी जाहीर केलं की पेव आत्ताच्या आत्ता सगळ्यांदेखत उघडतो, आणि मी स्वतः आत उतरून दादर वर आणून दाखवतो. सुकलालला पाठवून गल्ली गोळा केली. छगन बोलावण्याआधीच भिंतीवर बसलेला होता. झाकण सरकवलं तेव्हा आतून वाफेसारखी ऊब आली आणि आंबल्याचा वास. लोकांनी नाकाला उपरणं लावलं. मी म्हणालो, हा निंबाच्या पाल्याचा वास. छगन म्हणाला, निंबाने ताडी प्यायली असेल. लोक हसले, आणि त्या हसण्याने माझं जे डोकं फिरलं ते फिरलं. मी धोतराचा काचा मारला, पागोटं सुकलालच्या हातात दिलं, कमरेला दोर बांधायला तो पुढे आला तर त्याला झिडकारलं, आणि पेवाच्या कडेवर बसून पाय आत सोडले.

आणि माझ्या पाठीमागे कोणीतरी म्हणालं, ‘आबा, उतरू नका.’

आवाज माझ्या ओळखीचा नव्हता. म्हणजे गोठ्यातून ऐकलेला होता, पण माझ्याकडे तोंड करून आलेला नव्हता. वळून पाहिलं तर तापी. पुरुषांची गर्दी बाजूला सारून ती पेवाच्या तोंडाशी येऊन उभी होती, पदर खांद्यावर घसरलेला, हात पिठाचे. लग्नात अंतरपाटाआडून दिसला होता तेवढाच, त्यानंतर आज मी तिचा चेहरा पाहिला. गल्ली अशी गप्प झाली की माझ्या दाढेसाठीसुद्धा कधी झाली नव्हती. माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल, तर चार माणसांत सून सासऱ्याला हुकूम करते, याला काय म्हणावं. मी म्हणालो, ‘आत जा.’

ती गेली नाही. ‘मी जास,’ ती म्हणाली, ‘पन पयले कंदील सोडा. कंदील जर जळत ऱ्हायना तर तुम्ही उतरा. मी माफी मांगसू.’

मी पाय वर घेतले नाहीत, पण खालीही सोडले नाहीत. सुकलालने घरातून कंदील आणला, पेटवला, दोराला बांधला आणि माझ्या गुडघ्यांच्या मधून हळूहळू आत सोडला. पेवाच्या गळ्यापर्यंत ज्योत ठीक होती. गळ्याखाली गेली तशी ती आखडली, निळी झाली, आणि कोणीतरी चिमटीत धरून विझवावी तशी गेली. वारा नव्हता. सुकलालने कंदील वर ओढला, पुन्हा पेटवला, पुन्हा सोडला. त्याच जागी, तशीच विझली. जिथे ज्योत विझली त्याच्या खाली एका हातावर माझे तळवे लोंबत होते.

आपण शेतकरी माणूस, आपणांस ठाऊक आहे. तपलेल्या पेवातली हवा दिसत नाही, पण आत उतरलेल्या माणसाला हाक मारायलाही वेळ देत नाही. मला पण ठाऊक होतं, व्याहीबुवा. लहानपणापासून ठाऊक होतं. छगनच्या एका वाक्यामुळे मी ते विसरलो होतो. मी पाय वर घेतले. उभा राहायला गेलो तर गुडघ्यांनी ऐकलं नाही (तेव्हा मला आपली आठवण झाली), म्हणून बसूनच सरकत मागे आलो. छगन भिंतीवरून उतरून माझ्याजवळ आला आणि त्याने सुकलालकडचं माझं पागोटं माझ्या डोक्यावर ठेवलं. ते तिरकं बसलं होतं, पण मी दिवसभर तसंच राहू दिलं.

त्यानंतर घरात कारभार कोणाचा होता हे विचारू नका. तापीने पदर पुन्हा खाली ओढला, पण बोलायचं थांबली नाही, आणि म्हशीचं काम संपलं. निंबाच्या फांद्यांचा भारा दोराला बांधून तिने सुकलालकडून तो पेवात वरखाली, वरखाली करवला, विहिरीतून पाणी काढावं तसा, म्हणजे आतली कोंडलेली हवा हलून वर येते. कंदील पुन्हा सोडला. विझला. पुन्हा भारा. तिसऱ्या प्रहरी कुठे ज्योत खाली दादरीपर्यंत जळत गेली, आणि मग कमरेला दोर बांधून सुकलाल उतरला. कडेची आणि वरची दादर काळी पडून ढेकळं झाली होती. ती तापीने गुरांनासुद्धा घालू दिली नाही, सगळी उकिरड्यात पुरली. मधली मात्र गरम होती, ओलसर होती, पण जिवंत होती. ती वाचवायची तर एकाच दिवसात सगळी बाहेर, पातळ थरात, उन्हात हवी. आमचं एक अंगण पुरणार नव्हतं.

इथे रनाळ्याबद्दल दोन शब्द लिहू द्या. समोरच्यांनी अंगण दिलं, मागच्यांनी घरावरचं धाबं दिलं, देवळाच्या पुजाऱ्याने सभामंडपापुढची फरसबंदी दिली. छगनने आपलं अंगण झाडून दिलं आणि शेळी घरात कोंडली. (ती आत काय खात होती ते त्याने पाहायला हवं होतं, त्याचं नवं धोतर गेलं.) बायका घमेली घेऊन आल्या. दादर गल्लीभर पिवळी पसरली. आणि मग तापी पदर सावरून एका टोकाला उभी राहिली आणि माझ्याकडे पाहत थांबली. मला कळलं ती कशासाठी थांबली आहे. मी जोडे काढले. वाकलो, कमरेचा त्रास झाला तो झाला, दाण्यांना हात लावून कपाळाला लावला, आणि दादरीत पाय घातला. तिच्या शेजारून, तिच्याच सरीला सरी लावत, मी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाय ओढत गेलो. खालची दादर तळव्यांना अजून ऊन लागत होती. परत येईपर्यंत गल्लीतली निम्मी माणसं जोडे काढून मागे लागलेली होती. नंदुरबारच्या बाजाराला जाणारी एक गाडी थांबली आणि गाडीवानाने विचारलं की हा कोणत्या देवाचा उत्सव आहे. छगनने त्याला दादरदेवाचा असं सांगितलं आणि तो खरोखर नमस्कार करून गेला.

आता ते मिठाचं. संध्याकाळी तापीने माझी डोकेदुखीच्या औषधाची रिकामी काचेची बाटली मागितली (माझ्याकडे. थेट). चुलीवर कोरडं केलेलं बारीक मीठ तीत टाकलं, वर मूठभर दादर, बूच घट्ट लावून खूप हलवली आणि ठेवून दिली. दाण्यात ओल असेल तर मीठ ती ओढून घेतं आणि काचेला चिकटतं. ओल नसेल तर मीठ कोरडंच सांडतं. पहिल्या संध्याकाळी थोडं चिकटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा सऱ्या, पुन्हा ऊन, पुन्हा बाटली, आणि मीठ वाळूसारखं घरंगळलं. मी दाढेखाली दाणा धरला, कट् वाजला, आणि मी उठून घमेलं उचललं. तापी म्हणाली, आबा, आता नाही. उन्हातली दादर तशीच भरली तर गार पेवात तिला घाम सुटतो. रात्रभर उघड्या हवेत ती गार होऊ दिली आणि सकाळी भरली. झाकण लिंपलं. नारळ तिच्या हातून फोडला. आजही रोज पहाटे मी झाकणावर उभा राहतो आणि तळवे गार पडले की तोंड धुवायला जातो.

हिशेबाने पाहिलं तर बहुतेक दादर वाचली आणि माझ्यासकट सगळी माणसं वाचली. गाव आता मुठी घेऊन येतं ते आमच्याच दारी, पण ओट्यावर नाही, मागच्या दाराला. तिथे बाटल्यांची रांग असते. परवा छगन आला, गंमत म्हणून बघायचं आहे म्हणाला, आणि बाटलीत मीठ चिकटलेलं पाहून गंमत न करता घरी गेला. दुसऱ्या दिवशी त्याचं पेव उघडलेलं होतं आणि मी माझे जोडे काढून त्याच्या अंगणात होतो. लोक मला विचारतात की वाईट वाटतं का, तुमच्या दाढेचा मान गेला. मी त्यांना सांगतो की मान घराबाहेर गेलेला नाही, ओट्यावरून माजघरात गेला आहे. मी ओट्यावर बसतो आणि येणाऱ्याला मागचं दार दाखवतो, आणि व्याहीबुवा, पूर्वी दाढ वाजवताना मी जेवढा ताठ बसत होतो त्याहून आता ताठ बसतो. कोणी परगावचा आला तर मी माझं नाव सांगत नाही. तापीचा सासरा, असं सांगतो.

ही विद्या तिने कुठून आणली असेल हे मला निराळं सांगायला नको. ज्या घरात लेकीला असं शिकवतात, ते घर काय तोलाचं असेल. ब्राह्मणपुरीत आपली पेवं दरसाल किती चोख भरत असतील, आणि आपण शेजारी बसवून तिला एकेक गोष्ट कशी समजावून दिली असेल, ते मी इकडे चारचौघांत वर्णन करून सांगतो. सोयरिकीच्या वेळी आपल्या घराण्याविषयी आपण जे सांगितलंत त्यातलं निम्मं मी बढाई समजलो होतो. ते निम्मं मी आज खरं मानून घेतो.

विहीणबाईंना रामराम. लहानथोरांना आशीर्वाद. लिहिताना जास्तकमी झालं असेल तर आपलं मोठं मन आहेच.

आपला, 
उदेसिंग, तापीचा सासरा

ता. क. एक किरकोळ गोष्ट लिहायची राहिली. आखाजीचा, अक्षय्य तृतीयेचा, सण जवळ आला. आपण तिला न्यायला गाडी धाडणार असाल, तर यंदा धाडू नये अशी विनंती आहे. लेकीने आखाजीला माहेरी जायचं ही सगळ्या खानदेशाची चाल आहे, ती मी मोडतो आहे असं नाही. पण अजून निम्म्या गावाची पेवं भरायची आहेत, आणि तिच्याशिवाय कोणाच्या बाटलीवर लोकांचा विश्वास बसत नाही. झोका आम्ही इकडेच निंबाला बांधून देऊ, मजबूत. गाणी म्हणायला गल्लीतल्या बायका आहेत. खरं तर एवढं मोठं पत्र मी या चार ओळींसाठीच लिहिलं.

ता. क. दुसरा. वरचा ता. क. जसोदाबाईंनी मला वाचून दाखवायला लावला. मग उठल्या आणि तापीचं लुगडं घडी करून गाठोड्यात ठेवू लागल्या. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला त्यांच्या सासऱ्याने, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्यांना असंच काहीतरी कारण सांगून ठेवून घेतलं होतं, असं त्या आज प्रथमच म्हणाल्या. तेव्हा तुम्ही गाडी धाडू नका. आमचीच जोडी जुंपली आहे. सुकलाल हाकेल. हे पत्र तापीच्याच हातून आपणांस मिळेल. गाव थांबेल. मी सगळ्यांना तसं सांगितलं आहे, आणि पहिल्यांदा छगनच म्हणाला की बरोबर आहे, जाऊ द्या पोरीला.

ता. क. शेवटचा. गाडी दारात उभी असताना मी सहज तिला म्हणालो की तुझ्या वडिलांनी तुला ही पेवाची विद्या फार छान शिकवली. ती पदराआड हसली. मग म्हणाली, ‘आबा, आमना घर दोनदाव पेव तपनं. पन दादा ऐकेतच नही. सगळं काढानं काम मालेच लागनं, तठेच शिकनू.’ दादा म्हणजे आपणच, व्याहीबुवा, आणि सोयरिकीच्या वेळी हे आपण बोलला नव्हतात. माझं वरचं ‘चोख’ वगैरे मी खोडत नाही, कागद घाण होतो; आपण ते वाचताना मनातल्या मनात गाळावं. आणि यंदाचं आपलं पेव भरताना ती जे सांगेल ते पहिल्याच वेळी ऐकावं, म्हणजे आखाजीनंतर तिला तिकडे गुंतून पडावं लागणार नाही.